वाकडोबा आणि काचेची सळई

सरळ सळई वाकडी करायची हा त्याचा धंदा, आणि सरळ बोलणं वाकडं घ्यायचं हा त्याचा स्वभाव. त्यामुळे वाकडोबा हे नाव त्याला नेमकं कशावरून पडलं, यावर त्याच्या टोळीत कधीच एकमत झालं नाही. तोंडावर सगळे उस्ताद म्हणत, पाठ वळली की वाकडोबा. त्याला हे ठाऊक होतं आणि खरं म्हणजे दुसरं नावच त्याला जास्त आवडत होतं. "उस्ताद काय, केस कापणाऱ्यालाही म्हणतात," तो बायकोला सांगे. "वाकडोबा मी एकटाच."

पोरवयात तो या धंद्यात आला तो खांद्यावरून लोखंड वाहायला. तेव्हापासून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली राहिला. मग तार पिळायला शिकला, मग खुंट्या ठोकलेल्या बाकावर लांब दांड्याची चावी लावून सळई वाकवायला शिकला, आणि होता होता स्वतःची टोळी घेऊन मुकादम झाला. तळहाताच्या रेषांत गंज असा बसला होता की कुठल्याही साबणाने निघत नसे. लग्न ठरवताना बायकोच्या वडिलांनी ते तांबडे हात पाहिले आणि मुलगा रंगारी आहे असं समजून होकार दिला. खरा धंदा कळला तेव्हा उशीर झाला होता, आणि स्वभाव कळला तेव्हा तर फारच उशीर झाला होता.

भांडायला त्याला कारण लागत नसे. सेंट्रिंगवाले फळ्या ठोकतात त्या डोळे मिटून ठोकतात; काँक्रीटवाले बूट घालून त्याच्या जाळीवर नाचतात; इंजिनिअर नकाशा उलटा धरतात. तीन कामं त्याने मध्येच सोडली होती आणि दोन कामांनी त्याला सोडला होता. तरीही मोठं काम निघालं की कंत्राटदार नाक मुरडत का होईना त्यालाच बोलावत, कारण त्याने बांधलेली जाळी ठोकून पाहिली तरी हलत नसे. एकटी लेक तेवढी अशी होती की तिच्याशी तो सरळ बोलत असे, आणि तेही तिच्या लग्नापर्यंत.

गावाबाहेर खाडी होती आणि खाडीवर पूल होता. वाकडोबाच्या टोळीचं पहिलं मोठं काम ते. त्या पुलावरून बस गेली की तो जागेवरून उठून उभा राहायचा आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचा, "याच्या पोटात माझं लोखंड आहे." शेजारी बिचारा खिडकीबाहेर बघायचा. पुढे पुलाच्या पोटावर तांबडे ओघळ दिसू लागले. मग काँक्रीटचे पोपडे सुटले, आतल्या सळया फुगून उघड्या पडल्या, आणि एक दिवस होडीवाल्याच्या शेजारी पाण्यात भला मोठा तुकडा पडला. जड वाहनं बंद झाली. शेवटी पूल पाडायचा हुकूम निघाला. वाकडोबाने खाऱ्या वाऱ्याला शिव्या दिल्या, सिमेंटवाल्याला दिल्या, सळईखाली काँक्रीटचा थर पुरेसा जाड ठेवला नाही म्हणून सेंट्रिंगवाल्याच्या सात पिढ्यांना दिल्या. लोखंडाला मात्र तो चकार शब्द बोलला नाही.

शेजारी नवा पूल होणार होता. ते काम मिळावं म्हणून हा माणूस, ज्याने कधी कुणाच्या दाराशी उभं राहणं जाणलं नाही, तो कंत्राटदाराकडे चार खेपा घालून आला. बायकोने आश्चर्याने विचारलं तेव्हा म्हणाला, "पहिला पूल तर माझ्या डोळ्यांदेखत पाडतायत. हा एक तरी माझ्यामागे उभा राहिला पाहिजे. एवढंच मागतोय मी." असं उघड मागणं त्याच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. तिला धसका बसला. काही हवंसं वाटणाऱ्या वाकडोबाची तिला सवय नव्हती.

काम मिळालं, आणि पहिल्याच बैठकीत त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कामावरच्या इंजिनिअर बाईंनी सांगितलं, "उस्ताद, वरच्या स्लॅबमध्ये लोखंड नाही. काचेच्या तंतूंची सळई येणार आहे. खारी हवा तिला काही करत नाही. ती गंजतच नाही."

"काचेची?" वाकडोबा म्हणाला. "मग पूल कपाटात ठेवा मॅडम, रस्त्यावर कशाला?"

बाई हसल्या. "सवय नाही म्हणून कारखान्याचा माणूस शिकवायला येतोय," त्या म्हणाल्या, आणि दारातून जो माणूस आत आला तो वाकडोबाचा जावई होता.

आता जावयाविषयी सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता, हीच वाकडोबाची पंचाईत होती. बारीक आवाज, इस्त्रीचा शर्ट, समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय तोंड न उघडण्याची सवय. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा पुलाचा विषय निघाला आणि तो सहज म्हणून गेला, "तुमचं लोखंड सडलं ना, मामा, म्हणून पाडावा लागतोय." पाटावर बसलेला वाकडोबा घास हातात घेऊन थांबला. "लोखंड गंजतं," तो म्हणाला. "सडतात ती माणसं." लेकीने कपाळाला हात लावला. जावयाने माफी मागितली, शब्द चुकला म्हणाला, पण त्या दिवसापासून वाकडोबाच्या पोटात तो शब्द जो जाऊन बसला तो बसलाच. जावयाला अरेतुरे करता येत नाही, म्हणून सगळं विष तो आदरातून पाजायचा. "या जावईबापू, बसा जावईबापू, उन्हात रंग उतरेल जावईबापू." टोळीत म्हणायचा, "जावई हा दहावा ग्रह म्हणतात ते खोटं नाही. पण बाकीचे नऊ निदान आकाशात तरी राहतात."

आणि हा दहावा रोज सकाळी डोक्यावर पिवळी टोपी घालून पुलावर हजर राहणार होता.

सळया आल्या. फिकट हिरवट रंग, अंगाला वाळू चिकटवलेली. ज्या जुडीला लोखंडात आठ माणसं लागली असती ती दोघांनी गप्पा मारत उतरवली. वाकडोबाने एक सळई एका हाताने उचलली, वजन करून पाहिलं आणि लंब्याकडे टाकली. लंब्या त्याचा जुना जोडीदार, टोळीतला दुसऱ्या नंबरचा माणूस. "घे," वाकडोबा म्हणाला. "घरी ने, कपडे वाळत घालायला होईल."

जावयाने सगळ्यांना गोळा करून समजावलं. काचेचे केसासारखे तंतू चिकट राळेत भिजवून, ताणून ही सळई करतात. ताण सोसायला लोखंडापेक्षा भारी, वजनाला पावपट, मिठाला दाद देत नाही. मात्र कामावर वाकवता येत नाही. वळणाचे तुकडे कारखान्यातूनच वळण घेऊन येतात.

"म्हणजे वाकवायचं काम नाही?"

"नाही, मामा. नुसतं बांधायचं."

"बांधायचं," वाकडोबा टोळीकडे वळून म्हणाला. "ऐकलंत? आजपासून आपण गुराखी." टोळी हसली. जावईही उगाच हसला, आणि तेही वाकडोबाला आवडलं नाही.

इंजिनिअर बाईंना वाटलं आपण हवा जरा सैल करावी. त्या म्हणाल्या, "ही सळई तुमच्यासारखीच आहे उस्ताद. मोडेन पण वाकणार नाही."

"मी उभा जन्म वाकवतच आलोय मॅडम," वाकडोबा म्हणाला. "न वाकणारं मला बघवत नाही."

दुपारच्या सुट्टीत सगळे सावलीला बसलेले असताना त्याने मुद्दाम आपला बाक झटकला, खुंट्यांमध्ये एक सळई घातली, चावी लावली आणि ओढ घेतली. सळई वाकली. वाकडोबाने विजयाने सगळ्यांकडे पाहिलं आणि हात ढिला केला, तशी ती उलटी उसळून लंब्याच्या मांडीवर बसली. लंब्या बोंबलला. मग वाकडोबा हट्टाला पेटला. गॅसची बत्ती आणून त्याने सळई तापवली. काळा धूर निघाला, जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला, राळ गळून पडली आणि आतले तंतू झाडूसारखे पिंजारून बाहेर आले. त्याने ते हातानेच दाबायला घेतले. काचच ती, तळहातात बारीक बारीक शिरली, आणि पुढे कित्येक दिवस तो चारचौघांत हात खाजवत हिंडला. दुसऱ्या दिवशी बाकावर कुणीतरी जाड हातमोजे ठेवलेले होते. कुणी ठेवले ते विचारायची गरज नव्हती.

"जावईबापू," वाकडोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे तुम्ही घाला. मऊ हात तुमचे आहेत."

त्या आठवड्यात लेक माहेरी राहायला आली. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये नुसता पडदा होता, त्यामुळे त्या घरात गुपित असं काही टिकत नसे. ती आधी बापापाशी बसली. त्याच्या तळहातातले तंतू चिमट्याने काढता काढता म्हणाली, "बाबा, त्यांचं हे पहिलं मोठं काम आहे. हे बिघडलं तर कारखाना त्यांना परत कुठे पाठवणार नाही. माझ्यासाठी तरी नीट वागा."

"मी नीटच वागतो. तुम्ही-तुम्ही करून जीभ दुखायला लागली माझी."

"तसं नाही. मनातून."

"मनातलं ऐकशील तर माहेरी यायची नाहीस," वाकडोबा म्हणाला. तिने चिमटा जरा जोरात लावला.

मग जावई आला आणि ती त्याला घेऊन पडद्याआड गेली. तिचा आवाज बाहेर स्पष्ट येत होता. "काहीही झालं तरी बाबांना उलट बोलू नका. चारचौघांत तर नाहीच. त्यांच्याकडे या कामाशिवाय आता काही उरलं नाहीये. शब्द द्या मला." जावई म्हणाला, "दिला." बाहेर वाकडोबा भिंतीकडे तोंड करून पडला होता. लेकीने आपली कीव करावी आणि ती या माणसापाशी करावी, याने त्याचा तिळपापड झाला. झोप आली नाही ती नाहीच.

आता खरी गोष्ट. जावयाने पहिल्या दिवशीच एक सांगितलं होतं. सळई हलकी आहे, ओल्या काँक्रीटपेक्षाही हलकी. काँक्रीट ओतून त्यात कंपनयंत्र घातलं की जाळी वर तरंगायला बघते. म्हणून जाळी हाताहाताच्या अंतरावर खालच्या फळ्यांना तारेने बांधून टाकायची, कडेलाही आणि मध्येही.

"काच तरंगते?" वाकडोबाने विचारलं. "हौदात पडलेला पेला आपणहून वर आलेला पाहिलाय का तुम्ही?"

"पाण्यात नाही, मामा. काँक्रीटमध्ये. काँक्रीट पाण्यापेक्षा जड."

हे त्याला कळलं नाही असं नाही. पण सळई बांधणाऱ्यांत एक जुनी समजूत आहे: जाळी आपल्या वजनाने बसली पाहिजे. जी फळीला बांधून ठेवावी लागते ती नवशिक्याची जाळी. ज्याच्या गाठी ढिल्या, सळया डुगडुगतात, तो खाली तार मारतो आणि झाकपाक करतो. वाकडोबाने स्वतः कित्येकांना यावरून जन्माचं हिणवलं होतं. आता म्हातारपणी सगळ्या टोळीदेखत आपल्याच जाळीला खालून तार मारायची? जावयाने जाळी बांधताना पुन्हा आठवण केली. ओतायच्या आदल्या दिवशी तारेची वेटोळी स्वतः उचलून आणून त्याच्या पायाशी ठेवली आणि तिसऱ्यांदा सांगितलं. वाकडोबा "बरं" म्हणाला.

जावई गेल्यावर त्याने कडेच्या दोन ओळी बांधल्या, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडतील अशा. उरलेली वेटोळी फळ्यांच्या ढिगामागे सारली.

लंब्या म्हणाला, "उस्ताद, मधेपण सांगितलंय त्यांनी."

"तू माझ्या टोळीत आहेस की जावयाच्या?"

"तुमच्याच. पण तरंगली म्हणजे?"

"माझी जाळी आजवर कधी उठली आहे? कुत्रं झोपावं तशी पडून राहते ती. चल, आवर."

पाच सळयांची असो की पाचशेंची, जाळी त्याने बांधली होती मात्र देखणी. दोरी धरून मारल्यासारख्या रांगा, प्रत्येक गाठ सारखी. सकाळी बाईंनी अंतरं मोजली आणि मान डोलावली. जावयाने कडेला वाकून तार ओढून पाहिली. ती घट्ट होती. त्याने विचारलं, "सगळं बांधलं ना, मामा?"

"बांधलं," वाकडोबा म्हणाला. आपण खोटं बोललो असं त्याला मुळीच वाटलं नाही. जाळी बांधलीच होती की.

काँक्रीटच्या गाड्या लागल्या. पंपाचा पाईप गुरगुरायला लागला. त्या दिवशी पूल खात्याचा तपासनीसही आला होता, पोट सुटलेला आणि आधीच कंटाळलेला माणूस. त्याला ही काचेची भानगड पहिल्यापासून पसंत नव्हती आणि त्याने ते लपवलंही नव्हतं. कडेकडेने काँक्रीट पडलं, छान बसलं. वाकडोबा हाताची घडी घालून उभा होता. पाईप मध्यावर आला, माणसांनी कंपनयंत्राच्या नळ्या आत खुपसल्या, आणि घुसळलेल्या ताकावर लोणी यावं तशी एक सळई हळूच वर आली.

"दाब रे," कुणीतरी म्हणालं. एकाने बुटाने दाबली. ती खाली गेली आणि वावभर पलीकडे दुसऱ्या दोन वर आल्या. तिथे दोघं जण उभे राहिले, तर तिसरीकडे अख्खी रांग वर उचलली गेली. माणसं त्या राड्यात नाचायला लागली. लंब्या गुडघ्यावर बसून हातांनी जाळी दाबत होता आणि वाकडोबाकडे बघत होता. वाकडोबा जागचा हलला नाही. आपली जाळी उठताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

बाईंनी हात वर करून पंप थांबवला. मग जे व्हायचं ते झालं. काँक्रीट घट्ट व्हायच्या आत फावडी मारून सगळं काढून टाकायचा हुकूम सुटला. जाळी तोडायची, फेकायची, दोन खांबांमधला तो अख्खा गाळा धुऊन पहिल्यापासून बांधायचा. टोळीची माणसं एकमेकांकडे न बघता कामाला लागली, आणि बाई, तपासनीस, जावई आणि वाकडोबा पत्र्याच्या केबिनमध्ये गेले. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि उकाडा. कुणीच बसलं नाही.

तपासनीस म्हणाला, "मी आधीपासून सांगत होतो. वस्तूच कुचकामी आहे. पुलात तरंगणारी सळई! उद्या उडेलसुद्धा. उरलेले सगळे गाळे लोखंडात करा. मी तसं कळवतो."

वाकडोबाला जे हवं होतं ते हेच. मूग गिळून गप्प बसायचं, एवढंच काम होतं. लोखंड परत येणार, बाक झटकून मांडायचा, खुंट्या ठोकायच्या, आणि दहावा ग्रह आपल्या कारखान्यात परत. तो मुकाट उभा राहिला.

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "जाळी मध्ये खाली बांधलेलीच नव्हती. नुसती कडेला तार होती." त्यांनी जावयाकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं नव्हतं यांना?"

जावयाच्या बुटांवर काँक्रीट वाळायला लागलं होतं. तो तिकडेच बघत राहिला. मग त्या बारीक आवाजात म्हणाला, "मध्यभागाचं सांगायचं राहून गेलं. चूक माझी आहे."

वाकडोबाला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग ते आत उतरलं आणि त्याच्या अंगाचा भडका उडाला. उपकार! हा माणूस, ज्याला त्याने मनापासून कधी पाण्याचा पेला दिला नव्हता, तो भर केबिनमध्ये त्याच्या डोक्यावर उपकार ठेवत होता. आता जन्मभर याच्या शेजारी पाटावर बसून हा उपकार घासाबरोबर गिळायचा. लेक नवऱ्याकडे कौतुकाने बघणार, आणि बापाकडे त्या कीव आल्यासारख्या डोळ्यांनी. त्यापेक्षा फाशी बरी.

"खोटं!" तो ओरडला. पत्र्याचं केबिन दणाणलं. "साफ खोटं बोलतोय हा! तीन वेळा सांगितलं यानं मला. तार आणून पायाशी टाकली. मी नाही बांधली. मी! कडेला दोन ओळी मारल्या त्या यांच्या डोळ्यांत धूळ फेकायला. माझ्या चुकीवर हक्क सांगायची याची काय लायकी? जाळी माझी, गाठी माझ्या, चूक पण माझी. आणि साहेब, सळईला नावं ठेवू नका. लोखंड समजून बांधली मी ती. तिचा काय दोष?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेवटचं वाक्य कुठून आलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पण बोलून चुकला होता, आणि जे बोलला ते खरं होतं. तपासनिसाचं तोंड उघडंच राहिलं. सळईविरुद्ध त्याच्यापाशी आता काहीच उरलं नव्हतं. तो राग त्याने दुसरीकडे वळवला. जावयाला म्हणाला, "मग तुम्ही खोटं का बोललात? पुलाच्या कामावर, मला समोर उभं करून?"

जावयाने एका बुटावरचं काँक्रीट दुसऱ्या बुटाने खरवडलं. बायकोला दिलेला शब्द, हे कारण तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

बाईंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्या चिडल्या होत्या आणि थकल्याही होत्या. "सळई राहील," त्या म्हणाल्या. "उस्ताद, तुम्ही माझी फसवणूक केलीत. तुमच्या हाताचं मला कौतुक होतं, म्हणून मी मध्ये वाकून पाहिलं नाही, ही माझी चूक, ती मी भोगेन. टोळी कामावर राहील, लंब्या बघेल तिच्याकडे. तुम्ही मात्र या पुलावर पुन्हा पाय ठेवायचा नाही." मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "आणि खोटं सांगणारा माणूस मला शिकवायला नको. कारखान्याला सांगते, दुसरा पाठवा. निघा दोघंही."

फाटकातून दोघं एका मागोमाग एक बाहेर पडले. बसचा थांबा फाटकासमोरच होता, पत्र्याचं छप्पर आणि एक बाक. वाकडोबा बाकाच्या या टोकाला बसला. जावई उभाच राहिला, आणि फुटला.

"झालं समाधान?" तो म्हणाला. आवाज बारीकच होता, पण थांबत नव्हता. "तुमच्यासाठी नव्हतो बोललो मी. तुमच्याविषयी मला काडीचं प्रेम नाही. तुमच्या लेकीला शब्द दिला होता म्हणून बोललो. तेवढंही तुम्हाला सोसलं नाही. माझं पहिलं काम होतं हे! तीनदा सांगितलं तुम्हाला, तीनदा, आणि तोंडावर खोटं बोललात, 'बांधलं' म्हणून. असला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा."

वाकडोबाने मान वर करून पाहिलं. इतके दिवस ज्याला बुळा समजत आलो त्याला दात होते तर. एरवी त्याला मजा वाटली असती, आणि चार जबाब तोंडात तयार असते. पण त्याची नजर फाटकाच्या जाळीतून आत गेली होती. टोळीची माणसं धुतलेल्या गाळ्यात वाकून त्याची जाळी तोडत होती. लंब्या पकडीने एकेक गाठ कापत होता. कापलेल्या सळया चिखलात माखून कडेला ढिगात पडत होत्या. उद्या तिथे नव्या सळया येतील, कुणी दुसरा शिकवील, लंब्या तार मारील, मधेही मारील. पूल होईल. मीठ त्याला खाणार नाही. तो उभा राहील, वाकडोबाच्या मागे आणि लंब्याच्याही मागे, आणि त्यात वाकडोबाचं काही म्हणून काही असणार नाही. जुना पूल पाडत होते तेव्हाही त्याला इतकं लागलं नव्हतं.

"माझी एक तरी गाठ राहायला हवी होती रे त्यात," तो म्हणाला. जावयाला त्याने 'रे' म्हटलं होतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

जावयाच्या मात्र ध्यानात आलं. क्षणभर वाटलं तो शेजारी बसेल. पण त्याचाही राग खराच होता आणि तो अजून संपला नव्हता.

"मग जाळी खाली बांधायची होती," जावई म्हणाला, आणि बस आली तसा पुढच्या दाराने चढला. वाकडोबा मागच्या दाराने चढला.